शिंदकड्याचा नाच्या

धरणाचं पाणी डोंगरात शिरून जिथं संपतं, तिथून वर चढून गेलं की शिंदकडा लागतो. पावसाळ्यात हे गाव ढगात असतं. समोरच्या ओट्यावरच्या माणसाचा आवाज येतो, माणूस दिसत नाही. सारिका सपकाळ लग्न होऊन तिथं आली तेव्हा त्या ढगातून पुष्कळ आवाज यायचे. मग ते कमी होत गेले. भात गवे खायचे, नाचणी रानडुकरं खायची, उरलंसुरलं पाऊस धुऊन न्यायचा. एकेक घर कुलूप लावून मुंबईला गेलं. सारिकाचा नवरा जोतिरामही वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून लागला आणि गणपतीला नि शिमग्याला तेवढा येऊ लागला.

सारिका मागं राहिली ती अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी. सासू गेल्यावरही ती का राहिली, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. सकाळी ढग अंगणातून चालत जायचा, आणि तो गेल्यावर सगळं ओलं, नवं दिसायचं. एवढंच होतं.

अशाच एका सकाळी त्या ढगातून डॉ. शबाना मुजावर बाहेर आल्या. त्या मिरजेच्या. विद्यापीठात मधमाश्यांवर संशोधन करायच्या. मागं चौघांच्या डोक्यावर लाकडी पेट्या होत्या.

"ताई, गावात माणसं आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"मी हाय की," सारिका म्हणाली.

पेट्यांत सातेरी माश्या होत्या, डोंगरातल्याच जातीच्या. सरपंच विलासअण्णा शेलारांनी गावातल्या उरलेल्या माणसांना देवळासमोर बोलावलं. मुजावर मॅडमनी एका पेटीचं झाकण काढून आतली चौकट उचलली आणि पोळ्यावर बोट दाखवलं.

"ही बघा. ही आत्ता फुलांवरून आलीय. पोट हलवत सरळ रेषेत चालली, वळली, परत आली, पुन्हा तीच रेष. हे तिचं बोलणं आहे. आत अंधार असतो, पोळं उभं असतं. अंधारात सूर्य कुठं दाखवायचा? म्हणून 'वर' म्हणजे सूर्य, असं त्यांनी ठरवलंय. रेष सरळ वर गेली, तर फुलं सूर्याच्या दिशेला. रेष उजवीकडं कलली, तर सूर्याच्या तेवढंच उजवीकडं. आणि जितका वेळ पोट हलवेल, तितकं लांब. बाकीच्या तिच्या मागं मागं फिरून हे वाचतात आणि सुटतात."

"म्हंजी पत्ता सांगत्यात," विलासअण्णा म्हणाले.

"पत्ताच सांगतात."

प्रत्येक पेटीत एक बारीक कॅमेरा होता. तो नाच टिपायचा, आणि देवळाच्या भिंतीवरच्या पडद्यावर डोंगराचा नकाशा उमटायचा. माशीनं जिथली फुलं सांगितली, तिथं एक ठिपका उजळायचा. ते पहिलं वर्ष गावानं नुसतं ऐकण्यात घालवलं. सकाळी कड्याखाली चार ठिपके लागायचे, दुपारी देवराई उजळायची, उन्हं कलली की पाण्याकाठची एखादी पट्टी मंद पेटायची. सारिका भाकरी बांधून त्या ठिपक्यांमागं हिंडायची. इतकी वर्षं ज्या रानात तिनं लाकडं गोळा केली, तिथं गेळा कधी फुलतो, पिशाच्या झाडाला कधी मोहर येतो, हे तिला आता माश्यांकडून कळत होतं. रान झोपेत बोलतंय आणि आपण शेजारी पडून ऐकतोय, असं तिला वाटायचं.

मध बरा निघाला, पण गाव उभं राहण्याइतका नाही. मग दुसऱ्या वर्षी मुजावर मॅडमनी नाच्या आणला.

विद्यापीठाच्या कागदांवर त्याला लांबलचक नाव होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, मेण चोपडलेलं ते यंत्र प्रत्येक पेटीत केसासारख्या बारीक दांडीच्या टोकाला बसवलेलं होतं. ते पोळ्यावर माशीसारखं पोट हलवत चालायचं, पंख थरथरवायचं, मागं येणाऱ्या माश्यांना गोड पाण्याचा थेंबही द्यायचं. आपण पडद्यावर जागा दाखवायची, ते नाचून ती सांगायचं, की माश्या तिकडं.

"बायकांच्या फडात एकटा बाप्या," विलासअण्णा हसून म्हणाले. "नाच्याच ह्यो."

त्या दिवसापासून त्याचं नाव नाच्या पडलं.

खाली घाटाबाहेर, फलटणकडं, डाळिंबाच्या आणि कांदाबियाण्यांच्या मोठाल्या बागा होत्या. बहरात फळ धरायला माश्या लागतात, म्हणून बागवाले पेट्या भाड्यानं न्यायचे. पण भाड्याची माशी भाडं ओळखत नाही. तिला शेजारच्या बांधावर तुळस फुललेली दिसली की ती तिकडं जायची. शिंदकड्याची माशी मात्र सांगितलेल्या बागेतच जायची. दोन हंगामांत या माश्यांना एवढी मागणी आली की पेट्या पुरेनात. पेट्या भरून टेम्पो घाट उतरू लागले, आणि त्यांच्याबरोबर जायला माणसं हवी झाली. मग कुलुपं निघाली. कुणाच्या छपरावर नवी कौलं आली, शाळेत पुन्हा घंटा वाजली, आणि ढगातून पुन्हा आवाज येऊ लागले.

जोतिरामही परत आला. बॅग ओट्यावर ठेवून तो बराच वेळ दारात उभा राहिला. चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा.

"आत या की," सारिका म्हणाली. "घर तुमचंच हाय."

नाच्यावर त्याचा हात चांगला बसला. ऊन किती कललं, बागेच्या कुठल्या कोपऱ्यात कळ्या उमलल्या, हे बघून तो पडद्यावर बोट फिरवायचा आणि पेट्यांतून माश्यांची सरळ धार निघायची. "बघ," तो तिला म्हणायचा, "कोन सांगणारं असलं म्हंजी कशी कामं हुत्यात. उगा हिंडायचं न्हाई, चुकायचं न्हाई."

सारिका हसायची. पेटीला कान लावून मात्र तिला वाटायचं, आतला आवाज पूर्वीपेक्षा सपाट झालाय. हे बोलून दाखवावं असं त्यात काही नव्हतं. गाव भरलं होतं, नवरा घरात होता.

चौथ्या वर्षी कारवी फुलली.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलते तेव्हा डोंगर डोंगर राहत नाही. पावसाचा जोर सरता सरता सगळा कडा जांभळा झाला. ढग वरून उतरायचा तोही जांभळट दिसायचा. नाच्या रोज कारवीचाच पत्ता सांगत होता. पेट्या इतक्या जड झाल्या की एका माणसाला उचलेनात. जोतिराम आणि सारिका संध्याकाळी कड्यावर जाऊन बसायचे. गेल्या खेपेला कारवी फुलली तेव्हा तो वाशीत पोती उचलत होता, आणि ती सासूच्या उशाशी बसून खिडकीतून एवढासा जांभळा तुकडा बघत होती. आता दोघांच्या केसांवर परागाची पिवळट धूळ बसत होती आणि ते ती झटकत नव्हते.

"पुढच्या कारवीला आपण म्हातारं झाल्यालं आसू," तो म्हणाला.

"हितंच?"

"मग कुठं?"

पेट्या भरल्या की माश्या उठतात. ही त्यांची जुनी रीत. जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन बाहेर पडते, एखाद्या फांदीवर घड करून लटकते, आणि मग नवं घर शोधलं जातं. त्या आश्विनात बरीच मोहोळं उठली. जी हाताला लागली ती गावानं पेट्यांत भरली. एक मात्र कड्याच्या टोकावरच्या ऐनाच्या झाडावर, खोल दरीवर झुकलेल्या फांदीला लटकलं. तिथं हात पोचण्यासारखा नव्हता.

"जाईल उद्या आपसूक," विलासअण्णा म्हणाले.

ते गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. परतीचा पाऊस आला. माश्या एकमेकींना घट्ट धरून भिजत राहिल्या. सारिका रोज जाऊन मॅडमच्या दुर्बिणीतून बघायची. घडाभोवती उडणारी एकही माशी दिसेना. मग घड लहान होऊ लागला. एकेक माशी सुटायची आणि दरीत पडायची. आठवडा सरला तेव्हा फांदी मोकळी होती.

सारिकानं मुजावर मॅडमना बोलावून घेतलं. त्यांनी नाच्या बंद करून पेट्यांचे कॅमेरे तपासले. दिवसभर त्या जेवल्या नाहीत. मग ओट्यावर येऊन बसल्या.

"घर शोधायलाही नाच लागतो, सारिका. मोहोळ लटकलं की टेहळ्या माश्या चारी दिशांना जातात. कुणाला झाडाची ढोली सापडते, कुणाला कपार. त्या येऊन घडावरच नाचतात, भांडतात, शेवटी सगळ्यांचं एक होतं आणि मग मोहोळ उठतं. तुझ्या त्या घडावर नाचणारं कुणी नव्हतं."

"नाच विसरल्या?"

"शिकल्याच नाहीत. नाच रक्तात असतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा कोवळी माशी जाणत्या माशीच्या मागं फिरून, चुकत चुकत शिकते. कामाच्या दिवसांत माशी जगते महिना-दीड महिना. नाच्या आल्यापासून किती पिढ्या गेल्या बघ. जाणती अशी कुणी उरलीच नाही."

"नाच्याच्या मागं फिरत्यात की."

"फिरतात. त्याच्यामागून जायला शिकतात. पण फुलं आयती सांगितली जातात, मग शोधायला कोण बाहेर पडेल? आणि शोधलंच नाही तर दुसरीला सांगेल काय?" मग त्या म्हणाल्या, "हे असं होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही. नाच्या चालू आहे तोवर या जगतील. तो थांबला की यांना रान दिसणार नाही. आणि याच पेट्यांतली मोहोळं आपण आसपासच्या गावांना दिलीत."

"परत शिकतील?"

"रानातलं मोहोळ मिळालं, त्यातल्या जाणत्या माश्या यांच्यात मिसळल्या, तर कदाचित. पण नाच्या पूर्ण बंद ठेवावा लागेल. पूर्ण हंगाम."

देवळासमोर गाव बसलं. सारिकानं जे ऐकलं होतं ते सांगितलं. मग सगळेच बोलू लागले.

"हंगाम सोडला तर बागवालं दुसरीकडं जात्यात."

"माश्या मरत न्हाईत न्हवं? मग चालू ठेवायचा नाच्या. बंद कशाला करायचा?"

जोतिराम उभा राहिला तेव्हा सारिकाला वाटलं, तो आपल्या बाजूनं बोलेल. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "चालू मशीन बंद करायचं म्हंजी आमी परत वाशीला जायाचं. ज्यांनी परत जायाचंय त्यांनी सांगा."

विलासअण्णांनी सभा मोडली. ज्याच्या पेट्या त्याचा निर्णय, असं ठरलं.

घरी आल्यावर सारिका म्हणाली, "निम्म्या पेट्या माझ्या हाईत."

"हाईत."

"माझा नाच्या बंद."

पौष लागला तसा जोतिराम आपल्या पेट्या टेम्पोत भरून फलटणला गेला. जाताना उंबऱ्यात थांबला, मग टेम्पोत चढून बसला. ढग अंगणात होता. टेम्पो लवकरच दिसेनासा झाला, आवाज मात्र पुष्कळ वेळ येत राहिला.

सारिकाला रानातलं मोहोळ सापडलं देवराईत, जुन्या हिरड्याच्या ढोलीत. मुजावर मॅडम आणि ती, दोघींनी मिळून धुरी देऊन त्यातल्या माश्या आणि थोडं पोळं एका रिकाम्या पेटीत घेतलं. राणी आणि बाकीचं मोहोळ ढोलीतच ठेवलं. एका मोहोळाची माशी दुसऱ्या मोहोळाला शत्रू वाटते, वासावरून. म्हणून ती पेटी सारिकाच्या पेटीवर ठेवली आणि मधे वर्तमानपत्राचा कागद घातला. माश्या दोन्ही बाजूंनी कागद कुरतडतात. भोक पडेपर्यंत वास एक झालेला असतो, आणि भांडण होत नाही.

कागदाचा बारीक भुसा पेटीच्या दाराशी पडू लागला. सारिका तो रोज बघायची. मग ती पडद्यासमोर बसायची. नकाशा काळा होता. एखादा ठिपका लागायचा तो रानातून आणलेल्या माश्यांचा. त्यांच्या पाठीवर मॅडमनी पांढऱ्या रंगाची टिकली लावली होती. त्या नाचायच्या आणि गावच्या माश्या नुसत्या बाजूला सरायच्या, परक्या भाषेतलं भजन ऐकल्यासारख्या.

मग हळूहळू एखादी मागं फिरू लागली. वळताना चुकायची, धडपडायची, पुन्हा मागं लागायची.

एका दुपारी कॅमेऱ्यात बिनटिकलीची एक माशी पोळ्यावर आली. पायांना पिवळा पराग होता. तिनं पोट हलवलं, थोडं चालली, थांबली. पुन्हा चालली, तर वेगळ्याच दिशेला. तिसऱ्यांदा आणखी वेगळी रेष. मुजावर मॅडम पडद्याला नाक लावून उभ्या होत्या.

"काय म्हंती?" सारिकानं विचारलं.

"काही कळत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या रडत होत्या. "पार तोतरी आहे गं. पण बोलतेय."

नकाशावर एक ठिपका लागला, पार भलतीकडं, धरणाच्या पाण्यात मधोमध. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या.

माघ सरता सरता जोतिराम परत आला. हंगाम संपायला अजून वेळ होता. बाकीच्या पेट्या टेम्पोतच ठेवून तो उतरला तेव्हा त्याच्या हातात एकच पेटी होती, पोटाशी धरलेली. सारिकानं पाणी दिलं. तो प्यायला नाही.

"डाळिंबाच्या मांडवाच्या तारेला लटाकलं," तो म्हणाला. "हाताला येण्यासारखं हुतं. मी मुद्दाम न्हाई धरलं. म्हटलं सारिका म्हंती ते बघू तरी. आपसूक जात्यात का न्हाई."

"मग?"

"खुर्ची टाकून बसलो. मालक म्हणला, येडा झालास काय. दुसऱ्या दिवशी एक माशी घडावर आली आन् नाचाया लागली. मला म्हाईत हाय नाच कसा आसतो, रोज बघतोय. तिचा वाकडातिकडा हुता. कुनी तिच्याकडं बघंना. ती नाचतीय, नाचतीय, आन् कुनी हलंना. शेवटी मीच त्यास्नी ह्या पेटीत भरलं." त्यानं पेटी खाली ठेवली, पण हात झाकणावरच राहिला. "वाशीला पयल्यांदा गेलो न्हवं, तवा आमी बारा-तेरा जण पुलाखाली बसलो हुतो. मुकादम यायचा हुता. तो आलाच न्हाई तीन दिस. शहर केवढं! कुठंबी जाता आलं आसतं. कुनाला उठाय येईना. एक म्हातारा म्हणत हुता, चला रं, तिकडं काम आसंल. त्याचं कुनी ऐकलं न्हाई. मीबी न्हाई."

इतक्या वर्षांत हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. सारिका त्याच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं ती उठली, घरातून जुनं वर्तमानपत्र घेऊन आली आणि त्याच्या हातात दिलं.

"चला," ती म्हणाली. "ह्यांना मिसळू."

त्या वर्षी गावाला चटका बसला. जोतिरामचं बघून आणखी काही जणांनी नाच्या बंद केला. मोठे बागवाले तुटले. दोन घरांना पुन्हा कुलुपं लागली, आणि त्यातल्या एका घरची बाई जाताना सारिकाशी बोलली नाही. ते सारिकाच्या मनात राहिलं.

पण नकाशा पुन्हा पेटू लागला. सुरुवातीला भलतीकडं, मग बरोबर. गाव पुन्हा ऐकू लागलं आणि या खेपेला नीट ऐकलं. कुठल्या महिन्यात डोंगराचा कुठला भाग काळा राहतो, म्हणजे माशी कधी नि कुठं उपाशी राहते, हे दिसत होतं. तिथं त्या महिन्यात फुलणारी झाडं लावायची ठरलं. उघड्या पडलेल्या उतारांवर जांभूळ, हिरडा, गेळा, शिकेकाई उभी राहिली. रोपं करायचं काम बायकांनी उचललं, आणि आसपासच्या गावांनाही शिंदकड्याची रोपं नि शिकलेली मोहोळं हवी झाली. मुळांनी माती धरून ठेवली. काही बागवाले परतही आले. माशी बांधावर गेली तर गेली, म्हणाले, पेट्या चार जास्त ठेवू. मुजावर मॅडमनी हळूहळू सगळ्याच पेट्यांतून नाच्या काढून घेतला. कॅमेरे मात्र तसेच ठेवले.

दोन वर्षांनी, चैत्रात, सारिकाच्या पेटीतून मोहोळ उठलं आणि अंगणातल्या फणसावर लटकलं, अगदी हाताच्या अंतरावर. जोतिराम रिकामी पेटी घेऊन धावत आला. पेटी फणसाखाली ठेवली, आणि घडाकडं बघत तसाच उभा राहिला.

घडाच्या पाठीवर माश्या नाचत होत्या.

"ही म्हंती उगवतीला," तो हळू आवाजात म्हणाला. "ही देवराईकडं. आगं, ही दुसरी, ही पार कड्याकडं दाखिवती. लई लांबचं सांगती."

दोघं फणसाखाली बसले. हळूहळू माणसं जमली. विलासअण्णा काठी टेकत आले. मोहोळ म्हणजे एक पेटी, आणि ते आत्ता भरून घेतलं नाही तर हातचं जाईल, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी पुढं झालं नाही. घडावर वाद चालला होता. देवराईवाल्या वाढल्या, मग कमी झाल्या. उगवतीच्या दोघीतिघी हटून बसल्या होत्या, त्याही हळूहळू थांबल्या. सूर्य कड्याच्या बाजूला कलला तेव्हा नाचणारी प्रत्येक माशी एकच रेष काढत होती. वर, कड्याच्या अंगाला.

मग तो घड वितळला. हवेत सोनेरी धूर झाला, कौलांवरून वाहत गेला आणि वर चढू लागला. जोतिराम त्याच्यामागं निघाला. आधी चालत, मग पळत, चपला तिथंच टाकून. सारिका बघत राहिली. तो बांध चढला, कारवीच्या काटक्यांत शिरला आणि दिसेनासा झाला.

तो आला तेव्हा दिवेलागण झाली होती. पाय ओरबाडले होते, धाप लागली होती. गाव अजून अंगणात होतं.

"कुठं गेल्या?" सारिकानं विचारलं.

"कड्याच्या वर गेल्या. तिथनं पुढं मला न्हाई दिसल्या." त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि तो हसू लागला. "पर त्यास्नी ठावं हुतं."